‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’: ऐकायचं काय, ठेका कसा बसवायचा आणि चिकटवलेल्या आरोळीची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन गायक जॉनी कॅशने कॅलिफोर्नियाच्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाऊन केलेला १९६८ सालचा ‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ हा कंट्री संगीतातला फार मोठा अल्बम मानतात. पण पहिल्यांदा ऐकलं तर तीन कॉर्ड, एकसारखा ठेका आणि मागे गोंगाट, एवढंच कानावर येतं. मग त्यात ऐकायचं काय? तो ठेका गिटारवर कसा बसवायचा? चार जणांच्या गटाचं असं प्रेक्षकांसमोरचं रेकॉर्डिंग आज करता येईल का? आणि या अल्बमचा पुढे प्रभाव काय पडला?

सुरुवात गोंगाटापासूनच करतो, कारण उत्तर तिथेच आहे. या अल्बममध्ये गिटार, बास, ड्रम आणि कॅशचा आवाज सोडून आणखी एक वाद्य वाजतंय. समोर बसलेले हजारेक कैदी हे ते वाद्य. गाणी बहुतेक जुनीच, आधी स्टुडिओत रेकॉर्ड झालेली. त्या रेकॉर्डिंगमध्ये नसलेली आणि इथे असलेली गोष्ट म्हणजे ते हसणं, ते ओरडणं आणि काही ठिकाणची चिडीचूप शांतता. गाणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतोय ते ऐकायचं. तीन कॉर्डचा हिशेब नंतर.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणं १९५५ सालचं, मेंफिसच्या सन रेकॉर्ड्सचं. कॅश अमेरिकेच्या हवाई दलात असताना पश्चिम जर्मनीत लँड्सबर्गला होता. तिथे त्याने फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला आणि गाण्याची कल्पना डोक्यात आली. चाल आणि बऱ्याच ओळी मात्र गॉर्डन जेंकिन्सच्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’ या १९५३ च्या गाण्यावरून उचललेल्या होत्या. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, शंका राहणार नाही. पुढे कॅशला त्याबद्दल जेंकिन्सला सुमारे ७५ हजार डॉलर द्यावे लागले. कॅशच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण आहे ते आहे. ट्रेनची शिट्टी आणि सुटण्याची ओढ दोन्हीकडे आहे. तुरुंग आणि खून कॅशने आणला, आणि गाणं टिकलं ते त्यामुळे.

कॅशने स्वतः तुरुंगात शिक्षा कधी भोगली नाही. किरकोळ कारणांनी कोठडीत काढलेल्या काही रात्री, एवढाच त्याचा अनुभव. पण हे गाणं गाजल्यापासून कैद्यांची पत्रं यायला लागली, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो तुरुंगांत कार्यक्रम करू लागला. कॅलिफोर्नियातल्याच सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या सुरुवातीच्या एका कार्यक्रमात पुढे कंट्री गायक म्हणून गाजलेला मर्ल हॅगार्ड श्रोत्यांत बसला होता, कैदी म्हणून. फॉल्सममध्ये कॅश पहिल्यांदा गायला तो १९६६ साली. तिथल्या कैद्यांना भेटायला जाणारे फ्लॉइड ग्रेसेट हे पाद्री त्याच्या ओळखीचे होते, त्यांच्यामुळे तो योग जुळला.

तुरुंगातला कार्यक्रम रेकॉर्ड करावा हे कॅशच्या मनात बरीच वर्षं होतं, त्याची रेकॉर्ड कंपनी कोलंबिया दाद देत नव्हती. त्यात गोळ्यांच्या व्यसनामुळे १९६७ पर्यंत त्याची गाडी रुळावरून घसरलेली. कोलंबियाच्या नॅशव्हिल विभागात डॉन लॉ यांच्या जागी बॉब जॉन्स्टन आला आणि चित्र पालटलं. बॉब डिलनचा ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ करणारा हाच निर्माता. सॅन क्वेंटिन आणि फॉल्सम अशा दोन्ही तुरुंगांकडे विचारणा झाली. फॉल्समचा होकार आधी आला, म्हणून अल्बमचं नाव हे.

१३ जानेवारी १९६८, शनिवार. त्याआधीचे दोन दिवस सॅक्रामेंटोच्या एका मोटेलमध्ये तालीम झाली. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रॉनल्ड रीगन तिथे भेटून गेले. तुरुंगाच्या जेवणाच्या हॉलमध्ये दोन कार्यक्रम ठरले, एक सकाळी ९.४० ला, दुसरा दुपारी १२.४० ला. दोन का? पहिला बिघडला तर हाताशी दुसरा असावा म्हणून. झालं उलटं. पहिलाच जमला, दुसऱ्यात मंडळी थकलेली होती. मूळ तबकडीवरच्या १६ गाण्यांपैकी ‘गिव्ह माय लव्ह टू रोझ’ आणि ‘आय गॉट स्ट्राइप्स’ ही दोनच दुसऱ्या कार्यक्रमातली आहेत.

साथीला ल्यूथर पर्किन्स इलेक्ट्रिक गिटारवर, मार्शल ग्रँट बासवर, डब्ल्यू. एस. हॉलंड ड्रमवर. हेच टेनेसी थ्री. शिवाय गायक कार्ल पर्किन्स, स्टॅटलर ब्रदर्स हा गायकगट आणि गायिका जून कार्टर.

आता तबकडी लावा आणि पहिली दहा सेकंदं ऐका. निवेदकाचा आवाज नाही, ‘स्वागत करूया’ नाही. कॅश स्वतःचं नाव सांगतो, चार शब्दांत. मग एकदम जल्लोष, आणि त्याच्या पाठोपाठ ल्यूथरची गिटार. हे आपोआप घडलेलं नाही. ह्यू चेरी या निवेदकाने कैद्यांना आधीच बजावलं होतं की कॅश आला तरी गप्प बसा, त्याने नाव सांगितलं की मग सोडा आवाज. म्हणजे या ‘वाद्याला’ पहिला सम दाखवून ठेवला होता. त्या वेळच्या थेट कार्यक्रमांच्या तबकड्या बहुतेक टाळ्यांनी सुरू व्हायच्या आणि गायक टाळ्या ओसरायची वाट बघायचा. इथे नाव आधी, टाळ्या मागून.

पुढे याच गाण्यात ती कुप्रसिद्ध ओळ येते. रीनो गावात एका माणसाला गोळी घातली, ती केवळ त्याला मरताना बघायला. या ओळीवर तबकडीत एक खुशीची आरोळी आहे. वर्षानुवर्षं लोक त्यावरून सांगत आले की बघा, कैदी कसे खुनावर खूश होतात. ती आरोळी नंतर चिकटवलेली आहे. संकलनात दुसरीकडची आरोळी उचलून तिथे बसवली. प्रत्यक्षात अशा ओळींना ओरडून दाद द्यायला कैदी बिचकत होते, कारण डोक्यावरच्या मार्गिकेत पहारेकरी उभे होते.

हे कानाने पकडता येतं का? हेडफोन लावून प्रयत्न करा. चिकटवलेल्या दादेची तीन लक्षणं असतात. एक, ती हळूहळू चढत नाही, कापून लावल्यासारखी सुरू होते. खऱ्या गर्दीत आधी दोन-चार जण ओरडतात, मग बाकीचे. दोन, दाद आणि गाण्याभोवतीची हवा, म्हणजे हॉलचा घुमारा, जुळत नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गाणारा तिला उत्तर देत नाही. रीनोच्या ओळीनंतर कॅशचा आवाज तसूभर हलत नाही. सरळ पुढच्या ओळीत जातो, कारण त्याने ती आरोळी ऐकलेलीच नाही.

याच्या उलट चौथं गाणं घ्या, ‘कोकेन ब्लूज’. मूळ गाण्यात शिक्षा भोगायला माणूस सॅन क्वेंटिनला जातो. कॅशने तिथे फॉल्समचं नाव घातलं. लगेच हॉल उसळतो, आणि तो उसळलाय हे कॅशच्या पुढच्या शब्दांत ऐकू येतं. आवाज चढतो, ओळीत हसू शिरतं. एकाच बाजूवर खोटी दाद आणि खरी दाद दोन्ही मिळतात. ज्याला थेट रेकॉर्डिंग शिकायचंय त्याने ही दोन ठिकाणं पंचवीस वेळा ऐकावीत. (आरोळी चिकटवली म्हणून अल्बम खोटा ठरतो असं मला वाटत नाही. पण ती ओळ सोडून बाकी अल्बम जास्त चांगला आहे, हे खरं.)

गाण्यांच्या क्रमाकडेही लक्ष द्या. तुरुंगात जाऊन कॅशने सुटकेची, सुखाची गाणी गायली नाहीत. ‘डार्क अ‍ॅज द डंजन’ हे कोळशाच्या खाणीतल्या अंधाराचं गाणं, मर्ल ट्रॅव्हिसचं. ते गाताना समोर कोणीतरी काहीतरी करतं आणि कॅशला हसू फुटतं. रेकॉर्डिंग चालू आहे, तेव्हा अमुक शब्द वापरू नका, असं म्हणता म्हणता तो ते शब्द स्वतःच वापरतो. ‘ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स टू गो’ हे शेल सिल्व्हरस्टीनचं गाणं म्हणजे फाशीच्या आधीच्या पंचवीस मिनिटांची उलटी मोजणी. फाशीवरचा विनोद कैद्यांसमोर गायचा आणि त्यांना हसवायचं, हे धाडस आधी ऐकणाऱ्यांशी नातं जमल्याशिवाय अंगलट येतं. ते गाणं पाचवं आहे, पहिलं नाही, याचं कारण हेच. ‘ऑरेंज ब्लॉसम स्पेशल’मध्ये कॅश दोन माउथऑर्गन आलटून-पालटून वाजवतो. ते सफाईदार नाही, आणि तसं असायची गरजही नाही.

दुसरी बाजू मंद सुरू होते. आईचा फोटो मागणारा कैदी, मग भिंत ओलांडायला गेलेला कैदी. त्यानंतर लागोपाठ जॅक क्लेमेंटची दोन विनोदी गाणी. मग जून कार्टर येते आणि ‘जॅक्सन’ होतं. पुन्हा घरची आठवण, आणि शेवटी ‘ग्रेस्टोन चॅपल’. हे शेवटचं गाणं त्याच तुरुंगातल्या ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिलेलं. त्याची टेप ग्रेसेट यांच्या हाती आली, त्यांनी ती आदल्या रात्री कॅशला ऐकवली आणि कॅशने रातोरात गाणं बसवलं. शर्लीला याची कल्पना नव्हती. तो पुढच्या रांगेत बसलेला. गाणं नीट बसलेलं नाही हे जाणवतं, आवाज जपून टाकलाय. त्या ठिकाणी ते तसंच हवं होतं.

ठेक्याकडे वळू या.

याला ‘बूम-चिका-बूम’ म्हणतात. सुरुवातीला कॅशकडे ड्रम नव्हताच. ती उणीव भरायला तो गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवायचा, ‘आय वॉक द लाइन’मध्ये तो खरखरता ठोका कागदाचाच आहे. हॉलंड १९६० मध्ये आला आणि ड्रम मिळाला, पण ठेका तोच राहिला.

अकूस्टिक गिटारसाठी: बटर पेपरची आठ सेंमी लांब, दीड-दोन सेंमी रुंद पट्टी घ्या. सहाव्या (सगळ्यात जाड) तारेच्या वरून, पाचवीच्या खालून, चौथीच्या वरून, अशी विणत न्या. ब्रिजपासून दोन बोटं अंतरावर ठेवा. ब्रिजजवळ सूर जास्त ऐकू येतो. साउंडहोलकडे सरकवलीत तर सूर मरतो आणि नुसता ‘चिक’ उरतो. आपल्या गिटारला कुठली जागा मानवते ते सरकवून बघा. जाड कागद किंवा घडी घातलेला पुठ्ठा नको. तार उचलली जाते, सूर चढतो, आणि दोष ट्यूनरचा वाटत राहतो.

गाण्याची पट्टी (सूर) ई. ठोके चार. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला खर्जाची एकच तार, दुसऱ्या आणि चौथ्याला वरच्या तीन तारांवर आखूड फटका. फटका मारला की डावा हात लगेच सैल सोडून तारांवर टेकवा, म्हणजे आवाज तिथल्या तिथे तुटतो. नवीन वाजवणाऱ्यांचं ऐंशी टक्के काम इथे बिघडतं. ‘चिक’ लांबला की तीच चाल ऑर्केस्ट्रातल्या पॉप गाण्यासारखी होते.

एका कडव्याचा हिशेब बारा मापांचा (एक माप म्हणजे चार ठोके): ई चार मापं, ए दोन, ई दोन, बी सेव्हन दोन, ई दोन. ज्यांना ब्लूज येतो त्यांचा हात सवयीने दहाव्या मापात ए कडे जातो. तसं करू नका. इथे बी सेव्हनवर दोन्ही मापं थांबायचं. चौथ्या मापात ई ऐवजी ई सेव्हन घेतला की ए कडे जाणं गोड होतं. कडवं संपल्यावर पुढचं लगेच धरायची घाई नको, ई वर ठेका चालू ठेवा आणि गाणाऱ्याचा श्वास होऊ द्या.

ल्यूथरच्या गिटारसारखं वाजवायचं असेल तर फटके सोडून द्या आणि कॉर्डचे तीनच सूर खर्जात फिरवा:

ई साठी: सहावी तार मोकळी, सहावीचा चौथा फ्रेट, पाचवीचा दुसरा फ्रेट.
ए साठी: पाचवी मोकळी, पाचवीचा चौथा, चौथीचा दुसरा.
बी साठी: पाचवीचा दुसरा, चौथीचा पहिला, चौथीचा चौथा.

उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारा अर्धवट दाबलेल्या हव्यात. हात ब्रिजच्या पुढे गेला की सूर पूर्ण मरतो, मागे राहिला की घुमायला लागतो. चार-पाच मिलिमीटरचा खेळ आहे. पिक्अप ब्रिजकडचा, अँप स्वच्छ, डिस्टॉर्शन शून्य. थोडा स्प्रिंग रिव्हर्ब (अँपमधला कृत्रिम घुमारा) चालेल. जाड तारा घ्या, ०.०११ चा संच तरी हवाच. ०.००९ च्या तारांवर खर्जाची सहावी तार जोरात छेडली की क्षणभर चढी वाजते.

मेट्रोनोम ९० वर सुरू करून ११० च्या आसपास न्या. ठेका सरळ ठेवा, झोका देऊ नका. आणि सोलोत जादा सूर भरू नका. ल्यूथर पर्किन्स मर्यादित वाजवायचा, तेही प्रत्येक वेळी जवळपास तेच. १९५५ ची तबकडी आणि १९६८ ची शेजारी ठेवून ऐका. तेरा वर्षांत त्याने त्या सोलोत दाखवेगिरी म्हणून काही घुसवलेलं नाही. उत्तम वाजवणारे गिटारवादक हे गाणं बहुधा याच कारणाने बिघडवतात.

आवाजाचं म्हणाल तर कॅशचा खर्ज ओढून आणू नका, घसा बसतो आणि नक्कल केविलवाणी वाटते. ई चे आकार तसेच ठेवून कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावला की पट्टी जी होते, पाचव्यावर ए. स्वतःला मानवेल ती घ्या.

तिसरा भाग: असं रेकॉर्डिंग आज चार जणांच्या गटाला करता येईल का? येईल, आणि तेव्हापेक्षा फार स्वस्तात. फक्त प्रेक्षक हे शेवटी भरायचं मीठ नाही, हे पहिल्यापासून धरून चाला.

गाणाऱ्याला साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून तीन-पाच सेंमी. दूर धरलात तर त्यात ड्रम आणि स्पीकर शिरतात आणि मग मिक्स करताना आवाज वर घेतला की सगळंच वर येतं. बास माइक न लावता केबलने थेट लाइनमध्ये. अकूस्टिक गिटारही थेट घ्या, जमल्यास जोडीला माइक. ड्रमला खर्जाच्या ढोलाचा एक आणि वरून एक, दोन पुरेत.

प्रेक्षकांसाठी दोन कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी घेणारे) कंडेन्सर माइक. ते हॉलच्या मागे लावायची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मागे लावलेला माइक प्रेक्षक नाही, स्पीकर रेकॉर्ड करतो. दोन्ही माइक मंचाच्या दोन कडांना, अडीच मीटर उंचीवर, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ स्पीकरकडे. एखादा माइक मागे ठेवावाच लागला तर लक्षात ठेवा, आवाजाला एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. मंचापासून वीस मीटरवरचा माइक ५८ मिलिसेकंद मागे असतो. तो ट्रॅक तेवढा आधी सुरू होईल असा सरकवला नाहीत तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

रेकॉर्डिंग २४ बिटवर, पातळी सरासरी इतकी खाली ठेवा की शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. तालमीत ठरवलेली पातळी कार्यक्रमात पुरत नाही. लोक समोर आले की गाणारा जोरात गातो आणि लोक त्याहून जोरात ओरडतात.

आवाजाच्या माइकवर गेट (आवाज कमी झाला की माइक बंद करणारं साधन) लावू नका. गाणारा थांबला की हॉल गायब, गायला लागला की हॉल परत, असा उचकी लागल्यासारखा परिणाम होतो. प्रेक्षकांच्या ट्रॅकवर जोरकस कंप्रेसरही (मोठा आणि लहान आवाज जवळ आणणारं साधन) नको. ओळींच्या मधल्या जागेत खुर्च्यांची करकर आणि खोकले वर येतात. कार्यक्रमाआधी आणि नंतर एक-एक मिनिट भरलेल्या हॉलचा नुसता आवाज नक्की घेऊन ठेवा. दोन गाणी जोडताना सांध्याखाली हाच आवाज अंथरायचा असतो. तो नसला की प्रत्येक सांधा खड्ड्यासारखा लागतो.

शक्य असेल तर त्याच दिवशी त्याच जागेत दोनदा गा आणि मधल्या वेळात माइकला हात लावू नका. फॉल्सममध्ये दुसऱ्या कार्यक्रमातली दोन गाणी पहिल्यात बेमालूम बसली, कारण हॉल तोच होता. वेगळ्या दिवशीचं, वेगळ्या हॉलचं गाणं असं जोडता येत नाही, कितीही रिव्हर्ब ओता.

आणि चुका सगळ्या काढून टाकू नका. फॉल्समच्या तबकडीत मधेच तुरुंगाच्या लाउडस्पीकरवरून कैद्याचा नंबर पुकारलेला ऐकू येतो. दुसऱ्या कुठल्याही संकलकाने तो कापला असता. तो ठेवला म्हणून आपण त्या हॉलमध्ये आहोत हे विसरायला होत नाही.

प्रभावाबद्दल विचारलं होतं. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे हा अल्बम कशाच्या विरुद्ध उभा होता. गोव्यातल्या आणि मुंबईच्या कॅथलिक घरांत कंट्री म्हटलं की पहिल्यांदा जिम रीव्ह्ज आठवतो. मखमली आवाज, मागे व्हायोलिनं, कोरस. तो ‘नॅशव्हिल साउंड’, चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांनी घडवलेला. वाईट नाही, पण त्यात एकही कोपरा टोचत नाही. फॉल्सम नेमकं त्याच्या उलट. व्हायोलिन नाही, कोरस जेमतेम, भिंती दगडाच्या. तो कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, पॉपच्या यादीत तेराव्यावर. म्हणजे कंट्री न ऐकणाऱ्यांनीही घेतला, त्यात रॉक ऐकणारी तरुण मंडळी बरीच.

‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ची सुटी तबकडी चढत असतानाच जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. रेडिओवाल्यांनी गोळी घालण्याची ओळ नको म्हणून गाणं थांबवलं. कोलंबियाने ती ओळ कापून नवी प्रत काढली, कॅशचा विरोध असतानाही. तरी गाणं कंट्रीत पहिलं आलं. त्या गाण्याच्या गायनासाठी कॅशला ग्रॅमी मिळालं, आणि दुसरं ग्रॅमी अल्बमच्या पाठीवर त्याने स्वतः लिहिलेल्या मजकुरासाठी.

पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९६९ ला, सॅन क्वेंटिनचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला. तो पॉपच्या यादीतही पहिला गेला. तिथे गिटारवर बॉब वूटन आहे. ल्यूथर पर्किन्स ऑगस्ट १९६८ मध्ये घरातल्या आगीत भाजून गेला. १९७० साली शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात बी. बी. किंगने रेकॉर्डिंग केलं. तो ब्लूजचा माणूस, पण वाट हीच. पुढे मेटॅलिका या हेवी मेटल गटाने २००३ मध्ये सॅन क्वेंटिनमध्ये चित्रीकरण केलं. १९७० च्या दशकात वेलन जेनिंग्स आणि विली नेल्सन यांनी नॅशव्हिलच्या निर्मात्यांकडून आपल्या साउंडचा ताबा मागितला. त्या ‘आउटलॉ’ लाटेचं श्रेय एका अल्बमला देणं चूक आहे, पण स्वतःच्या गटाबरोबर, स्वतःच्या अटींवर केलेली तबकडी विकली जाते याचा पुरावा फॉल्समने आधीच दिला होता. १९९४ मध्ये निर्माता रिक रुबिनने कॅशला फक्त गिटार घेऊन बसवलं आणि ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ केला. त्यातली दोन गाणी लॉस एंजेलिसच्या एका छोट्या क्लबात श्रोत्यांसमोरची आहेत. तिथेही ऐका, हसणं आलं की कॅशचा आवाज कसा वळतो.

ग्लेन शर्ली १९७१ मध्ये सुटला. कॅशने त्याला कामावर घेतलं, १९७२ मध्ये दोघांनी तुरुंगसुधारणेबद्दल अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. पण बाहेरचं आयुष्य त्याला पेललं नाही, १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. ‘ग्रेस्टोन चॅपल’ ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

विकत घ्यायचं असेल तर: १९६८ च्या मूळ तबकडीत १६ गाणी, सुमारे ४५ मिनिटं, आणि शिव्यांवर ‘बीप’. १९९९ च्या सीडीत बीप काढले आणि तीन गाणी वाढवली: ‘बस्टेड’, ‘जो बीन’ आणि ‘द लेजंड ऑफ जॉन हेन्रीज हॅमर’. २००८ च्या संचात सकाळचा आणि दुपारचा असे दोन्ही कार्यक्रम आहेत, कार्ल पर्किन्स आणि स्टॅटलर ब्रदर्स यांच्या गाण्यांसकट, जोडीला माहितीपटाची डीव्हीडी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १९९९ ची घ्यावी. गिटारचा ठेका बसवणाऱ्याने २००८ चा संच घ्यावा. तेच गाणं सकाळी आणि दुपारी कसं वाजलं ते लागोपाठ ऐकता येतं, आणि दुपारी ठेका नेमका कुठे सैल पडतो तेही.